चवाठ्यावरची प्रार्थना : शहराविषयीची ख्रिस्ती भक्तिगीते आणि त्यांचे कवी

जुनी_वही

ख्रिस्ती उपासनेतला कोणताही गीतसंग्रह उघडला की डोंगर, कुरणे, झरे, मेंढरे आणि वादळी समुद्र पानोपानी भेटतात. गल्ल्या, कारखाने, भाड्याच्या अंधाऱ्या खोल्या आणि रात्रपाळीहून परतणारी माणसे मात्र शोधावी लागतात. 'नगर' हा शब्द येतो, पण ते नगर बहुधा स्वर्गातले असते. बाराव्या शतकातील क्लूनीच्या बर्नार्डच्या लॅटिन काव्यावरून जॉन मेसन नील यांनी इंग्रजीत आणलेले सोनेरी यरुशलेम असो, की जॉन न्यूटन यांनी 1779 साली 'ऑल्नी हिम्स'मध्ये गायलेले सियोन असो, त्या नगरांत भाडे थकत नाही आणि कोणी उपाशी झोपत नाही. ही गीते मला प्रिय आहेत. तरीही ज्या शहरात माणूस प्रत्यक्ष राहतो आणि थकतो, त्या शहराचे नाव घेऊन प्रार्थना करणारी गीते कोणी लिहिली, हा प्रश्न मला बरीच वर्षे सोबत करीत आहे आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे.

आरंभ फ्रँक मेसन नॉर्थ यांच्यापासून करतो, कारण इंग्रजीतील शहरगीत म्हटले की बहुतेक अभ्यासक प्रथम त्यांच्याच 'व्हेअर क्रॉस द क्राउडेड वेज ऑफ लाइफ' या गीताकडे वळतात. नॉर्थ यांचा जन्म 1850 साली न्यूयॉर्क शहरातच झाला. ते मेथोडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचे पाळक होते आणि 1892 पासून त्या शहरातील मेथोडिस्ट मिशन संस्थेचे चिटणीस म्हणून काम पाहत होते. 'द ख्रिश्चन सिटी' नावाचे नियतकालिकही ते संपादित करीत. 1900 च्या जनगणनेत न्यूयॉर्कची लोकसंख्या 34 लाखांच्या वर गेली होती, आणि त्यांतील असंख्य कुटुंबे कोंदट चाळींसारख्या इमारतींत, एकेका खोलीत दाटीने राहत होती. मेथोडिस्ट गीतसंग्रहाची नवी आवृत्ती तयार होत असताना समितीतील साहित्याचे प्राध्यापक कॅलेब विंचेस्टर यांनी नॉर्थ यांना मिशनकार्यावर एक गीत लिहिण्यास सुचवले. आपण गीतकार नाही, असे नॉर्थ यांनी आधी सांगितले. त्याच सुमारास ते मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 22व्या अध्यायातील नवव्या वचनावर प्रवचन तयार करीत होते. लग्नाच्या मेजवानीला निमंत्रित आले नाहीत, तेव्हा राजा चाकरांना रस्त्यांवर पाठवतो, तो हा प्रसंग आहे. सुधारित इंग्रजी भाषांतरात तेथे नुसते 'रस्ते' नव्हते, तर रस्ते जेथे फुटतात ती जागा होती. मराठीत त्यासाठी 'चवाठा' हा नेमका शब्द आहे. नॉर्थ यांच्या डोळ्यांसमोर न्यूयॉर्कमधले गर्दीचे चवाठे उभे राहिले आणि गीत तेथून निघाले. जून 1903 मध्ये ते त्यांच्याच नियतकालिकात 'जनसमुदायांसाठी प्रार्थना' अशा अर्थाच्या मथळ्याखाली छापले गेले आणि 1905 च्या मेथोडिस्ट संग्रहात समाविष्ट झाले.

पहिल्या कडव्याचा आशय असा आहे की जेथे जीवनाच्या दाटीच्या वाटा एकमेकींना छेदतात, जेथे वंशांचे आणि कुळांचे आक्रोश ऐकू येतात, तेथे स्वार्थी झगड्याच्या कोलाहलावरूनही, हे मनुष्यपुत्रा, आम्हांला तुझा आवाज ऐकू येतो. दुसऱ्या कडव्यात दारिद्र्याचे अड्डे आहेत, भीतीने काळवंडलेले उंबरठे आहेत आणि लोभाचे गळ लपलेल्या वाटा आहेत. मात्र कडव्याच्या शेवटच्या ओळीत या सगळ्यांतून दिसतात ते ख्रिस्ताचे अश्रू. माझ्या मते गीताचा प्राण या ओळीत आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायात येशू यरुशलेमजवळ येतो, नगर पाहतो आणि त्याच्यासाठी रडतो. नॉर्थ यांनी तेच अश्रू न्यूयॉर्कच्या उंबरठ्यांवर पाहिले. पुढे गीत ख्रिस्ताला विनवते की डोंगराच्या बाजूवरून त्वरेने खाली ये आणि नगराच्या रस्त्यांवर पुन्हा चाल. भक्तिगीतांत माणसाने डोंगर चढून देवाकडे जायचे, ही सवय आपल्याला इतकी जडली आहे की देवालाच डोंगरावरून उतरायला सांगणारी ही ओळ प्रत्येक वेळी मला थांबवते.

दुसरे गीत वॉल्टर रसेल बाउई यांचे 'ओ होली सिटी, सीन ऑफ जॉन'. ते 1909 मध्ये लिहिले गेले आणि पुढच्याच वर्षी हेन्री स्लोन कॉफिन व अँब्रोज व्हर्नन यांच्या संग्रहात आले. देवाचे राज्य ही केवळ दूरच्या भविष्यातील गोष्ट नसून निदान त्याचा आरंभ तरी या पृथ्वीवर करता येतो, ही श्रद्धा बोलून दाखवणारी नवी गीते कॉफिन यांना हवी होती, आणि हे गीत त्यांच्या विनंतीवरूनच लिहिले गेले. बाउई बायबलच्या 'प्रकटीकरण' या शेवटच्या पुस्तकात योहानाला दिसलेले चौकोनी, तेजस्वी नगर घेतात आणि लगेच त्याच्या शेजारी ती माणसे उभी करतात ज्यांचे प्राण मालाहूनही स्वस्त धरले जातात, भाकरीसाठी झगडणाऱ्या बाया आणि रडणारी लेकरे. मग ते देवाकडे नगर बांधण्याचे बळ मागतात. जे फार काळ नुसते स्वप्न राहिले आहे, ज्याचे कायदे प्रीतीचे आहेत आणि ज्याच्या वाटा बंधुत्वाच्या आहेत, असे नगर.

आपल्या वाचनातील किंवा गायनातील अशी गीते कोणती आणि त्यांच्याविषयी आपले मत काय, हे जाणून घ्यायला मी उत्सुक आहे.

उंबरठा

लेख मनापासून आवडला, पण एक आक्षेप नोंदवतो. आपण निवडलेल्या दोन्ही गीतांत शहर म्हणजे जखम आहे. लोभ, भीती, भूक, कोलाहल यांपलीकडे त्यांना शहरात काही दिसत नाही. शहरात राहणारा माणूस मात्र तेथे केवळ सोसत नसतो. गावात ज्याला जन्मभर एकाच ओळखीत बांधून ठेवले असते, त्याला शहर दुसरे नाव देते, काम देते, अनोळखी शेजारी देते, शाळा आणि रुग्णालय देते. स्तोत्रसंहितेच्या 122व्या स्तोत्रात यात्रेकरू यरुशलेमच्या वेशीत पाऊल ठेवतो, तेव्हा त्याला किती आनंद होतो! एकमेकांत घट्ट जोडलेले नगर म्हणून तो त्याचे कौतुक करतो. त्या आनंदाचा वारसा या गीतकारांनी का घेतला नाही? मला वाटते की यांतील बहुतेक कवी पाळक होते आणि ते शहराकडे आपल्या सेवाकार्याचे क्षेत्र म्हणून पाहत होते. मदत देणाऱ्याच्या डोळ्यांना गरज आधी दिसते. त्यात वाईट काही नाही, पण ज्याच्यासाठी प्रार्थना चालली आहे तो त्या गीतात स्वतः गाताना दिसत नाही.

शिवाय बाउई यांनी हे गीत लिहिले तेव्हा ते व्हर्जिनियातील ग्रीनवूड या ग्रामीण भागातील मंडळीचे पाळक होते ना? तसे असेल, तर शहराचे दुःख त्यांनी दुरूनच पाहिले, असे म्हणावे लागेल.

जुनी_वही

उंबरठा, बाउई यांच्याविषयीची आपली माहिती बरोबर आहे. ते 1908 ते 1911 ग्रीनवूडला होते, नंतर रिचमंड शहरात गेले आणि 1923 पासून 1939 पर्यंत न्यूयॉर्कच्या ग्रेस चर्चमध्ये राहिले. म्हणजे आधी गीत आले आणि नंतर त्या गीताचे शहर त्यांच्या वाट्याला आले. परंतु गीत खोटे ठरवण्यास एवढे पुरेसे आहे असे मला वाटत नाही. ते आपल्या शहराचे वर्णन करीत नाहीत. योहानाने पाहिलेल्या नगराशी ते पृथ्वीवरच्या कोणत्याही नगराची तुलना करतात, आणि तुलना दुरून करता येते. नॉर्थ यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या ओळींत रस्त्याची धूळ आहे.

'मदत देणाऱ्याचे डोळे' हा आपला मुद्दा मात्र मला विचारात पाडतो. त्यावर इतरांचे ऐकतो.

पानखूण

उंबरठा यांच्या आक्षेपाला उत्तर नॉर्थ यांच्याही आधीच्या काळात सापडते, म्हणून थोडे मागे नेतो.

जॉन केबल यांचे 'द ख्रिश्चन इयर' हे कवितांचे पुस्तक 1827 साली निघाले. केबल ग्रामीण वृत्तीचे कवी. पण संत मत्तयाच्या सणासाठी लिहिलेल्या कवितेत त्यांना शहराकडे वळावेच लागले, कारण मत्तय हा जकात नाक्यावर बसणारा माणूस होता. त्याला येशूची हाक हिशेबाच्या मेजावर ऐकू आली. त्या कवितेत केबल म्हणतात की मानवी चिंता आणि गुन्हे यांच्या या कर्कश लाटेतही काही जण असे असतात की अंधाऱ्या गल्लीतून आणि भांडणाऱ्या बाजारातून जाताना त्यांच्या हृदयात संगीत चालू असते, आणि अंतःकरणात पवित्र सूर घोळत असल्यामुळेच त्यांचे पाय रोजच्या कामाला अधिक झपाझप पडतात. येथे शहरातला माणूस दयेचा विषय नाही. आश्रमातल्या एकांतवाशाशी कवी त्याची तुलना करतो आणि त्याला उणा ठरवत नाही.

याच वाटेवर पुढे जॉन एलर्टन भेटतात. लोक त्यांना 'द डे दाऊ गेव्हेस्ट' या सायंगीतामुळे ओळखतात, पण 1870 साली त्यांनी लंडनच्या सिटी भागातील एका चर्चमधल्या दुपारच्या उपासनेसाठी 'बिहोल्ड अस, लॉर्ड, अ लिट्ल स्पेस' हे गीत लिहिले. सिटी म्हणजे बँकांचा, विमा कंपन्यांचा आणि व्यापारी कचेऱ्यांचा भाग. दुपारच्या सुट्टीत कारकून तेथे थोडा वेळ येऊन बसत असतील, हे मनात आणून गीत वाचावे. आशय असा : कामाच्या आखाड्यातून सुटून आम्ही थोडा वेळ तुझ्यासमोर आलो आहोत, आमच्याभोवती धंद्याची, श्रमाची आणि चिंतेची लाट अखंड वाहते आहे, आणि एका लहानशा प्रार्थनेच्या तासासाठीही बाजूला होणे कठीण जाते. आणि मग जे वळण येते ते मला अपूर्व वाटते. तू भेटतोस त्या भिंती केवळ याच नव्हेत; सत्याने आणि धीराने केलेल्या साध्यात साध्या कामावरही तुझा आशीर्वाद उतरतो. माग तुझा आहे, भट्टी तुझी आहे, बाजार तुझा आहे.

हे गीत लिहिले त्या काळात एलर्टन इंग्लंडमध्ये क्रू ग्रीन येथे पाळक होते आणि जवळच क्रू येथे रेल्वेचे प्रचंड कारखाने होते. भट्टी हा शब्द त्यांच्यासाठी नुसता अलंकार नव्हता. गिऱ्हाईक, हिशेब, यंत्र यांना पापाच्या रकान्यात न टाकता प्रार्थनेत जागा देणारे याहून जुने गीत माझ्या पाहण्यात नाही, आणि ते आज फारसे गायले जात नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

एबनेझर एलियट यांचाही उल्लेख येथेच केला पाहिजे. ते शेफील्डचे, लोखंडाच्या धंद्यातले. धान्यावरच्या करामुळे भाकरी महागली, त्या काळात ते त्या कायद्यांविरुद्ध कविता लिहीत. त्यांचे जनतेसाठीचे गीत देवाला थेट विचारते की तू लोकांना कधी तारणार. राजांना आणि सिंहासनांना नव्हे, लोकांना. एलियट पाळक नव्हते. भुकेचा प्रश्न त्यांच्या गीतात खालून वर विचारला जातो. उंबरठा ज्या आवाजाच्या शोधात आहेत, तो हाच असावा.

ऑर्गनपाशी

शब्दांविषयी इतके चालले आहे, तर चालीविषयी मी थोडे लिहितो, कारण गीत मंडळीच्या तोंडी टिकते ते चालीमुळे.

नॉर्थ यांचे गीत बहुतेक ठिकाणी 'जर्मनी' नावाच्या चालीवर गायले जाते. ही चाल विल्यम गार्डिनर यांनी 1815 मध्ये 'सेक्रेड मेलडीज' या संग्रहात छापली आणि ती बेथोव्हेनची असल्याचे सांगितले. पण बेथोव्हेनच्या कोणत्या रचनेतून ती घेतली, हे पुढे त्यांना स्वतःलाही नेमके दाखवता आले नाही. गार्डिनर हे लेस्टर या औद्योगिक शहरातले मोज्यांचे कारखानदार होते. संगीताचे वेड एवढे, की त्यांनी संगीतकार हायडनच्या रचनांतील स्वर विणलेले सुती मोजे करवून ते भेट म्हणून हायडनला पाठवले होते. विणकामाच्या मागांमध्ये वाढलेल्या माणसाने जपलेली चाल पुढे चवाठ्याच्या गीताला मिळाली, हे मला फार समर्पक वाटते.

चाल वाजवताना एक गोष्ट जाणवते. ती घाईची नाही. ओळ हळूहळू चढते आणि शांतपणे खाली येते. शब्दांत कोलाहल आहे आणि सुरांत तो मुळीच नाही. काही वादकांना हे विसंगत वाटते. मला तसे वाटत नाही. कोलाहलावरून जो आवाज ऐकू येतो असे पहिले कडवे म्हणते, तो आवाज या चालीत आहे, असे समजून मी ती वाजवतो. म्हणून गती वाढवू नये, अशी सर्व वादकांना विनंती.

साल्व्हेशन आर्मी या गरिबांत काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्थेने नेमके उलट केले. 1865 मध्ये विल्यम बूथ यांनी पूर्व लंडनमध्ये काम सुरू केले, आणि पुढे त्यांच्या लोकांनी करमणुकीच्या नाट्यगृहांतल्या लोकप्रिय चाली उचलून त्यांवर भक्तीचे शब्द बसवले. 'शॅम्पेन चार्ली' ही मद्यपानाच्या गाण्याची चाल, तिच्यावरही तारणाचे गीत गायले गेले. त्यांच्या गीतांत शहराचे वर्णन फारसे नसेल, पण त्यांच्या वाद्यवृंदासाठी रस्ता हीच उपासनेची जागा होती. शहराविषयीचे गीत आणि शहरात गायचे गीत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीचा विचार आपण कमी करतो.

दुसरा_आवाज

ऑर्गनपाशी यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून फॅनी क्रॉसबी यांच्याविषयी लिहिते. त्या लहान वयापासून अंध होत्या, दीर्घायुषी होत्या (1820 ते 1915) आणि त्यांच्या नावावर हजारो गीते आहेत. प्रसिद्धी मोठी असूनही त्या न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील साध्या, गरीब वस्त्यांमधल्या खोल्यांत राहत आणि रस्त्यावर आलेल्या माणसांसाठी चालवलेल्या मिशनांच्या सभांना नियमाने जात. 1869 मधील 'रेस्क्यू द पेरिशिंग' हे गीत अशाच एका सभेनंतरचे. त्या रात्री सभेत कोणातरी आईचा हरवलेला मुलगा बसला आहे, असे त्यांना तीव्रतेने वाटले. त्यांनी तसे बोलून दाखवले आणि एक तरुण खरोखर पुढे आला, अशी आठवण त्यांनी सांगितली आहे. गीतात शहराचे नाव नाही, रस्त्यांचे वर्णन नाही. पण एक वाक्य असे आहे की मानवी हृदयात खोलवर, मोहाने चिरडलेल्या अवस्थेतही, कृपेने पुन्हा जागवता येतील अशा भावना पुरलेल्या असतात. डोळ्यांनी शहर कधीच न पाहिलेल्या बाईने शहरातल्या माणसाविषयी लिहिलेले हे वाक्य आहे. त्यांनी शहर ऐकले होते.

नॉर्थ यांच्या तिसऱ्या कडव्याविषयीही सांगावेसे वाटते. बालपणीची असहायता, स्त्रीचे दुःख, पुरुषाचे ओझ्याखालचे श्रम, भुकेले जीव, या कशापासूनही तुझे हृदय कधी मागे सरले नाही, असे ते कडवे म्हणते. आम्ही हे गीत चार आवाजांत गातो, तेव्हा 'मागे सरले नाही' या अर्थाच्या शब्दापाशी दुसऱ्या आवाजाला थोडे थांबता येते. घाण, वास, आजार पाहून मागे सरणे ही अगदी शारीरिक क्रिया आहे आणि गाणाऱ्याला ती स्वतःच्या अंगात ओळखता येते. म्हणून उंबरठा यांना सांगावेसे वाटते की ही ओळ मदत देणाऱ्याचीच आहे हे खरे, पण ती आधी त्याच्या स्वतःच्या मागे सरण्याची कबुली आहे.

पानखूण

आता विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे येतो.

1954 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील मेथोडिस्टांची शहरी जीवनाविषयीची परिषद ओहायोतील कोलंबस येथे भरली. तिच्या निमित्ताने अमेरिकेच्या हिम सोसायटीने शहरावरची नवी गीते मागवली आणि त्यांतील पाच प्रसिद्ध केली. ब्रॅडफर्ड ग्रे वेबस्टर यांचे 'ओ जीझस क्राइस्ट, मे ग्रेटफुल हिम्स बी रायझिंग' हे त्यांतले एक. वेबस्टर यांचे गीत प्रत्येक शहरातून कृतज्ञतेची गीते उठोत असे म्हणत सुरू होते, म्हणजे पहिला सूर तक्रारीचा नाही. पुढे तेच अश्रू पुन्हा येतात: जसा तू एकदा यरुशलेमवर रडलास, तसा तुझा आत्मा प्रत्येक शहरावर पंख पसरून असलेला आम्हांला दाखव. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात जलांवर तरंगणारा आत्मा आणि येशूने यरुशलेमविषयी बोलताना वापरलेली, पिलांना पंखांखाली घेऊ पाहणारी कोंबडी, या दोन्ही प्रतिमा त्यात एकवटल्या आहेत.

साठच्या दशकात इंग्लंडमध्ये भाषाच बदलली. रिचर्ड जोन्स हे शेफील्डला काम केलेले मेथोडिस्ट पाळक. 'गॉड ऑफ काँक्रीट, गॉड ऑफ स्टील' या गीतात त्यांनी दट्ट्या, चाक, विजेचा मनोरा, वाफ, तुळई, केबल, रूळ, मोटाररस्ता, टपाल आणि उपग्रह या सगळ्यांना प्रार्थनेत बोलावले. फ्रेड कान मूळ नेदरलँड्समधील हार्लेमचे, नाझी अंमलाखाली वाढलेले. ते 1963 पासून प्लिमथमध्ये पाळक होते, आणि प्लिमथचा मध्यभाग युद्धात बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त होऊन नव्याने उभारला गेला होता. 'सिंग वी ऑफ द मॉडर्न सिटी' या त्यांच्या गीतात आधुनिक शहर एकाच वेळी आनंदाचे आणि ताणाचे स्थळ आहे. देव दूर स्वर्गात नाही, तो येथे आपल्या लज्जेत सहभागी आहे आणि आलेख, आकडे व जमाव यांचे रूपांतर तो नाव असलेल्या माणसांत करतो, असा त्याचा आशय आहे.

फ्रेड प्रॅट ग्रीन यांचे 1968 मधले 'व्हेन द चर्च ऑफ जीझस' हे तर गीत गाणाऱ्यांनाच सावध करते. वाहनांचा गडगडाट प्रार्थनेचा आवाज बुडवू नये म्हणून मंडळी बाहेरचे दार बंद करते, तेव्हा ज्या जगाला आपण बाहेर ठेवले त्याची जाणीव या प्रार्थनांनी दसपट वाढो, असे ते मागते. आणि आमची गीते आम्हांला गुंगी आणून त्या जगाच्या गरजा विसरायला लावू नयेत, असेही म्हणते. गीतानेच गीताविषयी इतक्या स्पष्टपणे बोलावे, हे मी अन्यत्र पाहिलेले नाही.

उंबरठा

पानखूण आणि दुसरा_आवाज यांचे मनापासून आभार. एलर्टन यांचे गीत मी आज प्रथमच लक्षपूर्वक वाचले आणि माझा आक्षेप जितका सरसकट होता तितका तो टिकत नाही, हे मान्य करतो. काही कवींनी बाजारालाही देवाचे म्हटले आहे.

जोन्स यांचे गीत मात्र मला अजून पटत नाही. त्यात यंत्रे आहेत, पण ती चालवणारा कोणी नाही. तुळई देवाची आहे हे म्हणणे सोपे आहे. तुळईवर चढून उभा असलेला कामगार कोणाचा, हे त्यात येत नाही. शिवाय अशी यादी लवकर जुनी होते. नॉर्थ यांचा भीतीने काळवंडलेला उंबरठा जुना होत नाही. काहीही झाले तरी फ्रेड कान यांचा तो आकड्यांतून नावे काढणारा देव मला सर्वांत जवळचा वाटला, कारण गर्दीत राहणाऱ्याला आपण मोजले जातो पण ओळखले जात नाही, हेच दुःख रोज असते.

जुनी_वही

जोन्स यांच्याविषयी मी आपल्याशी अर्धा सहमत आहे. ज्या पिढीने काँक्रीट आणि उपग्रह यांना पहिल्यांदाच प्रार्थनेत ऐकले, तिला झालेला आनंद आपल्याला आता अनुभवता येणार नाही, एवढे लक्षात ठेवावे.

या काळातील माझे सर्वांत आवडते गीत एरिक रूटली यांचे 'ऑल हू लव्ह अँड सर्व्ह युअर सिटी'. रूटली (1917 ते 1982) हे काँग्रिगेशनल पाळक आणि भक्तिगीतांचे मोठे इतिहासकार होते. आयुष्यभर इतरांच्या गीतांविषयी लिहिलेल्या या माणसाने 1966 मध्ये स्कॉटलंडमधील डन्ब्लेन येथील चर्चसंगीताच्या बैठकीत, पीटर कट्स यांच्या 'बिराबस' या चालीसाठी हे शब्द लिहिले. त्या वर्षांत अमेरिकेतील शहरांत दंगली उसळत होत्या.

हे गीत देवाशी नव्हे, तर माणसांशी बोलत सुरू होते: जे आपल्या नगरावर प्रेम करतात, त्याची सेवा करतात, त्याचा रोजचा ताण सोसतात, शांतीसाठी आणि न्यायासाठी आक्रोश करतात, ते सर्व. प्रेम, सेवा आणि ताण ही तिन्ही क्रियापदे एकाच माणसाची आहेत. येथे मदत देणारा आणि घेणारा असे दोन गट नाहीत, आणि म्हणून उंबरठा यांच्या मूळ आक्षेपाला हे गीत मला सर्वांत चांगले उत्तर वाटते. दुःखाच्या दिवसाप्रमाणेच संपन्नतेचा दिवसही त्यात आहे. वाया गेलेले काम आणि वाया गेलेला खेळ अशा त्या दिवशी, दिवस आहे तोवर मला काम केले पाहिजे, हे योहानाच्या नवव्या अध्यायातील येशूचे वचन आठवा, असे ते सांगते. पुढे नगराजवळ येणारा आणि झिडकारला जाणारा प्रभू येतो. अश्रू हा शब्द न वापरता रूटली लूकच्या त्याच प्रसंगापाशी पोहोचतात. शेवटी ते पुनरुत्थित प्रभूला विचारतात की हे नगर अजूनही निराशेचेच नगर राहणार का, आणि यहेज्केलाच्या ग्रंथाच्या अगदी शेवटच्या वचनातले नाव मागतात, 'परमेश्वर तेथे आहे'. यहेज्केलाने ते नाव उद्ध्वस्त झालेल्या यरुशलेमपासून दूर, निर्वासितांमध्ये बसून दिले होते. रूटली ते नाव कोणत्याही नगरासाठी मागतात.

दुसरा_आवाज

1903 पासून 1966 पर्यंत तीन गीतांत येशू नगराजवळ येऊन रडतो, हे या धाग्यामुळे माझ्या प्रथमच लक्षात आले. त्यानंतरचे एक गीत सांगते. जॉन बेल आणि ग्रेअम मॉल हे स्कॉटलंडच्या आयोना समुदायाचे गीतकार. 1988 मधील त्यांचे 'जीझस क्राइस्ट इज वेटिंग' संपूर्णपणे रस्त्यांवर घडते. पहिल्या कडव्यात येशू रस्त्यात वाट पाहत उभा आहे, त्याला शेजारी कोणी नाही, तो एकटाच जेवतो, आणि गाणारा त्याला सांगतो की मीही एकटा आहे. दुसऱ्यात तो रस्त्यात संतापतो, तिसऱ्यात बरे करतो आणि शेवटच्यात हाक मारतो. चौथ्या कडव्यात तो रस्त्यात नाचतो.

नॉर्थ यांनी ज्याला डोंगरावरून उतरून रस्त्यावर ये म्हणून विनवले, तो येथे पहिल्या ओळीपासून रस्त्यातच आहे. चाल 'नोएल नूव्हले' ही जुनी फ्रेंच चाल आहे, एकाच आवाजात, साथीशिवाय गाता येते, आणि चौथ्या कडव्याला ती खरोखर पायांत येते.

उंबरठा

चौथे कडवे आत्ताच मिळवून वाचले. 122व्या स्तोत्रातल्या यात्रेकरूचे पाय वेशीत उभे राहिले होते. त्यांच्या आनंदाचा वारसा कोणी का घेतला नाही, असा प्रश्न मी पहिल्या प्रतिसादात विचारला होता. ऑर्गनपाशी यांनी शक्य असल्यास या चालीचे स्वर येथे लिहून द्यावेत. आमच्याकडे वाद्य नाही, पण बारा-तेरा जण आहेत.